बरे झालेल्यांची हजेरी

स्मरणिकेत संस्थेचा इतिहास लिहायचा म्हटले की एक साचा हाताशी असतो. पायाभरणी कोणी केली, इमारत केव्हा उभी राहिली, अध्यक्ष कोण कोण झाले, मोठी यंत्रे कोणत्या साली आली, देणगीदार कोण. आणि शेवटी अर्ध्या पानात ‘इतर उपक्रम’. परळमध्ये मुलांच्या कॅन्सरवर जे काम गेली चार दशके चालले आहे, त्याचा इतिहासही या साच्यात सहज बसतो. बसवला की त्यातली एक गोष्ट मात्र नेमकी त्या शेवटच्या अर्ध्या पानात जाऊन पडते. ती म्हणजे बऱ्या झालेल्या मुलांचा आणि त्यांच्या घरच्यांचा मेळावा. कधी १५ फेब्रुवारीच्या आंतरराष्ट्रीय बालकर्करोग दिनाच्या निमित्ताने, कधी सप्टेंबर महिन्यात, कधी जूनच्या पहिल्या रविवारी ही कुटुंबे एकत्र जमतात आणि आईबाप माईक हातात घेऊन आपल्या मुलाचे काय झाले ते सांगतात. गाणी, नाच, जादूचे प्रयोग, जेवण हेही असतेच. त्यामुळे अहवालात या दिवसाची नोंद करमणुकीखाली होते. ही नोंद चुकीच्या रकान्यात आहे, असे माझे मत आहे. कुटुंबांनी चारचौघांत बोलणे हा उपचाराचाच एक भाग आहे, आणि परळच्या संस्थांचा इतिहास त्या बोलण्याच्या बाजूने वाचला तर अधिक नीट उलगडतो.

टाटा रुग्णालयाचे मूळच एका घरातल्या दुःखात आहे. लेडी मेहरबाई टाटा १९३१ साली ल्युकेमियाने परदेशात वारल्या. त्या काळी जगातल्या कोणत्याही पैशाने विकत घेता येईल असा उपाय नव्हता. पुढच्याच वर्षी त्यांचे पती सर दोराबजीही गेले, आणि त्यांच्या नावाच्या न्यासाने २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला कॅन्सरचे रुग्णालय सुरू केले. १९५७ मध्ये ते केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे गेले. मध्यंतरी, १९५१ साली, डॉ. दारा जस्सावाला आणि नवल टाटा यांनी इंडियन कॅन्सर सोसायटी स्थापन केली. १९६३ पासून तिने मुंबईतल्या कॅन्सर रुग्णांची नोंदणी चालवली. हा सगळा काळ मोठ्या माणसांच्या कॅन्सरचा आहे. मुले रुग्णालयात येत नव्हती असे नाही; येत आणि जात. १९४८ मध्ये बॉस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी अमिनोप्टेरिन या औषधाने काही मुलांचा ल्युकेमिया तात्पुरता हटल्याचे जाहीर केले होते. ते औषध लेडर्ली कंपनीत येल्लाप्रगडा सुब्बाराव या आपल्या माणसाच्या गटाने तयार केले होते, ही गोष्ट आपल्याकडे आजही फारशी कोणाला ठाऊक नाही. पण तेव्हाचे हटणे काही महिन्यांचेच होते. पुढे सदाफुलीतून विनक्रिस्टीन मिळाले, औषधे एकामागून एक जोडली गेली, आणि मगच ‘बरे होणे’ हा शब्द या आजाराला लावता येऊ लागला.

याच १९४८ सालातली दुसरी एक घटना आपल्या विषयाच्या दृष्टीने औषधाइतकीच महत्त्वाची आहे. फार्बर यांच्या उपचाराखाली असलेल्या एका १२ वर्षांच्या मुलाला अमेरिकेतल्या एका लोकप्रिय रेडिओ कार्यक्रमाने त्याच्या खाटेवरून थेट श्रोत्यांशी जोडून दिले. मुलाचे खरे नाव कळू नये म्हणून त्याला ‘जिमी’ म्हटले गेले. बॉस्टन ब्रेव्ह्ज या बेसबॉल संघाचे खेळाडू त्याच्या खोलीत आले, गाणे झाले, टीव्ही घेण्यासाठी मदतीचे आवाहन झाले आणि दोन लाख डॉलरहून अधिक रक्कम जमली. आजही चालू असलेला ‘जिमी फंड’ तिथून सुरू झाला. पण पुढे काय? तो मुलगा वारला असावा असेच बहुतेकांनी धरून चालले होते. तो जिवंत आहे, संसारी माणूस आहे, हे जगापुढे आले १९९८ मध्ये, बरोबर ५० वर्षांनी, आयनार गुस्टाफसन या त्याच्या खऱ्या नावानिशी. म्हणजे गोष्ट सांगितली गेली, तिच्यावर इमारती उभ्या राहिल्या, आणि तिचा शेवट मात्र कोणालाच माहीत नव्हता. दुसऱ्या एखाद्या आजारी मुलाच्या आईला या गोष्टीचा काय उपयोग झाला? तिला सगळ्यांत आधी विचारायचे असते, ‘मग तो वाचला का?’ आणि त्याचे उत्तर गोष्टीत नव्हते. देणगीदारासाठी सांगितलेली गोष्ट आणि पालकासाठी सांगितलेली गोष्ट यांतला फरक इथे स्पष्ट दिसतो, आणि मेळाव्याचे मोल ठरवताना तो विसरून चालणार नाही.

परळमध्ये पालकांसाठी सांगण्याजोगी गोष्ट तयार व्हायला १९८० चे दशक उजाडावे लागले. त्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेचे डॉ. इयान मॅग्राथ यांच्या सहकार्याने मुंबईचे टाटा, दिल्लीचे एम्स आणि चेन्नईची कॅन्सर इन्स्टिट्यूट या तिन्ही ठिकाणी मुलांच्या ल्युकेमियासाठी एकच उपचारपद्धती वापरायला सुरुवात झाली. एमसीपी ८४१ हे तिचे नाव. परळमध्ये हे काम डॉ. सुरेश अडवाणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभे केले. आधी पाचांतले एक मूल जेमतेम बरे होत असे. या पद्धतीने निम्म्याच्या आसपास मुले बरी होऊ लागली. या आकड्याचा एक सामाजिक परिणाम कोणत्याही शोधनिबंधात नोंदलेला नाही, पण तो उघड आहे: पहिल्यांदाच बोलायला माणसे उरली. त्याआधी मेळावा भरवायचा ठरवला असता तरी व्यासपीठावर कोणाला बसवायचे हा प्रश्न पडला असता. १९९१ मध्ये डॉ. पूर्णा कुरकुरे यांनी टाटामध्ये उपचार संपलेल्या मुलांसाठी ‘ॲक्ट क्लिनिक’ सुरू केले, देशातले अशा प्रकारचे पहिले. आजार परतला नाही एवढ्यावर समाधान न मानता मूल वाढते आहे का, शिकते आहे का, हृदय ठीक आहे का, रक्त चढवताना कावीळ तर आली नाही ना, हे वर्षानुवर्षे पाहायचे, असा त्यामागचा विचार. २००९ मध्ये इंडियन कॅन्सर सोसायटीच्या आधाराने ‘उगम’ हा गट तयार झाला, तो लहानपणी कॅन्सर होऊन गेलेल्या आणि आता मोठ्या झालेल्यांचा. एका बाजूला तपासणीची रांग, दुसऱ्या बाजूला बोलणाऱ्यांचा गट. मेळावा या दोघांच्या मध्ये उभा आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. आपल्याकडे मुलांच्या कॅन्सरमध्ये मृत्यूची कारणे सांगताना उशिरा निदान, जंतुसंसर्ग, आजार परतणे ही नावे घेतली जातात. आणखी एक कारण बराच काळ आकड्यांतही धरले जात नव्हते: उपचार अर्धवट सोडून जाणे. टाटाच्या बालकर्करोग विभागाने प्रसिद्ध केलेल्या माहितीनुसार २००९ च्या सुमारास जवळजवळ २० टक्के कुटुंबे उपचार नाकारत किंवा मध्येच सोडत. पुढच्या काही वर्षांत हे प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपास आणि त्याखाली आले. कोणतेही नवे औषध न शोधता एवढी मुले उपचारात टिकली. कुटुंबे सोडून का जातात हे पाहिले की बोलण्याची जागा कळते. ल्युकेमियाचा उपचार दोन ते अडीच वर्षांचा असतो, पण पहिल्या महिन्यानंतर बहुतेक मुले बरी दिसू लागतात. ताप जातो, भूक लागते, मूल खेळू लागते. डॉक्टर सांगतात की आजार अजून आत आहे. डोळ्यांना तो दिसत नाही. गावी पेरणी खोळंबलेली, धाकटी मुले आजीपाशी, मुक्काम फुटपाथवर किंवा दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत, आणि पुढे आणखी दोन वर्षे सुया, केस जाणे, रक्तातल्या पेशींचा काउंट कमी होणे. अशा वेळी ‘पोरगं बरं झालंय, आता कशाला?’ हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. समोर दिसते त्यावर विश्वास ठेवणाऱ्या माणसाचा आहे. त्याचे उत्तर पत्रकात देता येते, पण पटते ते त्याच आजाराची अडीच वर्षे काढलेल्या दुसऱ्या आईकडून ऐकल्यावर. तिच्या शेजारी उभी असलेली १५ वर्षांची मुलगी हाच तिचा पुरावा असतो.

म्हणूनच या मेळाव्यांतल्या बोलण्यात सर्वांत उपयोगाचा भाग शेवटचा नसतो. आमचे मूल वाचले, देवाची कृपा, डॉक्टरांचे उपकार, हे सांगताना सगळ्यांचे डोळे भरून येतात आणि टाळ्याही तिथेच पडतात. पण कामाचे असते ते मधले. पाठीतल्या इंजेक्शनच्या दिवशी मुलाला कसे धरून ठेवले. काउंट पडल्यावर पाणी उकळून कुठे घेतले. सोशल वर्करताईंनी कोणता कागद मागितला आणि तो तहसील कचेरीतून मिळायला किती हेलपाटे पडले. महात्मा जोतिराव फुले योजनेत काय बसले आणि काय खिशातून गेले. थोरल्याची शाळा कोणी सांभाळली. सासरच्यांना काय सांगितले. हे ज्ञान कोणत्याही वैद्यकीय महाविद्यालयात शिकवले जात नाही. माझ्या मते संयोजकांनी बोलणाऱ्यांना दिलेली पाच मिनिटे या मधल्या भागासाठी राखावीत आणि आभाराची वाक्ये दोनवर आणावीत. डॉक्टरांना आभार ऐकायला आवडतात हे खरे, पण ते त्यांना एरवीही ऐकायला मिळतात.

लोकांत बोलण्याने आजाराचे रूप बदलते याला महाराष्ट्रातच एक आधार आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. गावात कॅन्सरची नोंद आपोआप होत नाही, म्हणून कर्मचारी गावोगाव गेले, लोकांना एकत्र बसवून लक्षणांबद्दल बोलले, शंका असलेल्यांना तपासणीला घेऊन आले. मोजणीसाठी केलेल्या या बोलण्याचा परिणाम असा झाला की काही वर्षांतच गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या टप्प्यावर येऊ लागल्या, आणि तसे संशोधन प्रसिद्धही झाले. हे उदाहरण प्रौढ स्त्रियांचे आहे, मुलांचे नाही, आणि ते जसेच्या तसे उचलून परळच्या सभागृहाला लावता येणार नाही. पण त्यातून एवढे नक्की निघते की ज्या आजाराचे नाव घ्यायला लोक बिचकतात त्याबद्दल नीट, ओळखीच्या भाषेत, समोरासमोर बोलले गेले तर लोक दवाखान्यात लवकर येतात. मुलांच्या बाबतीत हे अधिकच लागू आहे, कारण मुलांचे बहुतेक कॅन्सर तंबाखूसारख्या सवयींतून येत नाहीत. टाळण्याचा उपदेश करण्याजोगे त्यात फारसे काही नाही. लवकर ओळखणे आणि उपचार पुरा करणे एवढेच कुटुंबाच्या हातात असते.

यावर पहिला आक्षेप हिशेबी माणसांचा आहे आणि तो वजनदार आहे. उपचार सोडणाऱ्यांचे प्रमाण घटले ते पैशांमुळे, भाषणांमुळे नाही. औषधांचा खर्च उचलला गेला, निवाऱ्याची सोय झाली. सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्सने २००६ पासून मुंबईत आणि नंतर इतर शहरांत कॅन्सरग्रस्त मुलांच्या कुटुंबांना मोफत राहायला जागा दिली, ‘इम्पॅक्ट फाउंडेशन’सारख्या उपक्रमांनी खर्च, आहार, शिक्षण, समुपदेशन हे सगळे एकत्र बांधले, मग मेळाव्याला कशाचे श्रेय? हे म्हणणे बरेचसे बरोबर आहे. खिशात पैसे नसलेल्या बापाला केवळ यशोगाथा ऐकवणे ही क्रूर थट्टाच होईल. मेळाव्याचा वाटा आकड्यांत वेगळा काढता येत नाही, आणि तसा दावा कोणी केला तर त्यावर विश्वास ठेवू नये. पण मदत असणे आणि मदत पोहोचणे यांत अंतर असते. मदत मागायला माणसाला आधी आपण मागण्याजोगे आहोत असे वाटावे लागते. विदर्भातून किंवा बिहारमधून आलेला माणूस पहिल्या आठवड्यात टाटाच्या गर्दीत हरवलेला असतो. कोणत्या खिडकीवर काय मिळते हे त्याला फलकावरून कळत नाही. ते त्याला रांगेतला जुना पालक सांगतो. पुढे त्याच जुन्या पालकांचे रीतसर गट होतात. रुग्णालयांत पालकांचे आधारगट उभारण्याचे काम २००४ साली सुरू झालेल्या ‘कॅनकिड्स’ने देशभर केले, ते याच कारणासाठी. जगभरातल्या पालकसंस्थांचे जाळे १९९४ मध्ये व्हॅलेन्सियाला पालकांनीच विणले आणि १५ फेब्रुवारीचा दिवस पुढे त्याच जाळ्याने सुरू केला, हेही इथे ध्यानात घ्यावे. हा दिवस कोणा सरकारने नेमून दिलेला नाही.

दुसरा आक्षेप अधिक खोल जातो. व्यासपीठावर येतात ते वाचलेले. ज्यांचे मूल गेले ती कुटुंबे गावी परतलेली असतात, त्यांना निमंत्रण जात नाही, गेले तरी ती येत नाहीत. मग सभागृहात बसलेल्या नव्या पालकाला जे चित्र दिसते ते खोटे नाही का? जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांप्रमाणे श्रीमंत देशांत कॅन्सर झालेल्या मुलांपैकी ८० टक्क्यांहून अधिक मुले बरी होतात, गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या अनेक देशांत ३० टक्क्यांहूनही कमी. संघटनेने २०१८ मध्ये ठरवलेले उद्दिष्टही २०३० पर्यंत किमान ६० टक्के एवढेच आहे. म्हणजे ते उद्दिष्ट गाठले तरी दहांतली चार मुले त्यात धरलेली नाहीत. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, आणि त्याला उत्तर मेळावा बंद करणे हे नाही. आकडा सांगण्याचे काम डॉक्टरांचे आहे. निदानाच्या दिवशी, खोलीचे दार लावून, त्या मुलाच्या आजाराचा जो असेल तो आकडा त्यांनी सांगावा. मेळावा आकडा सांगत नाही, शक्यता दाखवतो, आणि आपल्याकडे कॅन्सर म्हणजे मरण हे समीकरण इतके घट्ट आहे की शक्यता दिसल्याशिवाय आकडा कोणी ऐकूनच घेत नाही. मात्र गेलेल्या मुलांच्या आईबापांनाही बोलावणे जायला हवे. काही जण येतील. त्यांनीही अडीच वर्षे, किंवा जेवढी मिळाली तेवढी, उपचार चालवला होता. त्यांना बोलायचे नसेल तर ऐकायला बसू द्यावे, आणि सूत्रसंचालकाने ‘लढाई जिंकलेले’ हा शब्द तोंडातून काढू नये. जिंकलेले म्हटले की बाकीचे हरलेले ठरतात, आणि ते हरले नव्हते; त्यांच्या मुलाचा आजार औषधाला बधला नाही.

तिसरा आक्षेप गोष्ट कोणाची, हा आहे. चार वर्षांच्या मुलाचा मास्क लावलेला, केस गेलेला फोटो आईबाप खुशीने देतात. तो फलकावर लागतो, देणगीच्या पत्रकावर येतो, फोनवरून फिरतो. मूल १८ वर्षांचे झाल्यावर नोकरी शोधते, विमा मागते, लग्नाचे बघते, तेव्हा तो फोटो त्याच्या आधी तिथे पोहोचलेला असतो. मुलींच्या बाबतीत हे दुप्पट जाचक आहे. कॅन्सरसाठी रुग्णालयात आणल्या जाणाऱ्या मुलांमध्ये मुलग्यांचे प्रमाण आपल्याकडे मुलींपेक्षा बरेच जास्त आहे. जीवशास्त्राने त्याचा थोडाच उलगडा होतो. बाकीचा उलगडा घरात होतो. मुलीचे नाव आजाराशी जोडले गेले तर पुढे स्थळ येणार नाही, या भीतीने काही घरे उपचारही लपूनछपून करतात. अशा घराला ‘पुढे या, बोला’ म्हणून भरीस घालणे चूकच आहे. २०२३ च्या डिजिटल माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील मुलांची माहिती वापरताना पालकांची पडताळता येईल अशी संमती आवश्यक ठरवली आहे, पण इथे प्रश्न पालकांच्या संमतीने सुटत नाही, कारण गोष्ट शेवटी मुलाची आहे. १९४८ मध्ये ‘जिमी’ला दुसरे नाव दिले गेले, यातली जाण आजच्या कित्येक निधिसंकलन मोहिमांमध्ये दिसत नाही. मेळावा या बाबतीत पत्रकापेक्षा बरा, कारण तो समोर बसलेल्यांपुरता असतो. पण तसा तो राहील हे संयोजकांनी पाहायला हवे. चित्रीकरण टाळावे, आडनावे नकोत, आणि जे मूल आता मोठे झाले आहे त्याला विचारल्याशिवाय आईबापांनीही बोलू नये.

‘उगम’सारख्या गटांचे महत्त्व इथेच आहे. तिथे बोलणारे आईबाप नसतात, ज्यांना आजार झाला होता ते स्वतः असतात, आणि त्यांचे प्रश्न आईबापांच्या प्रश्नांहून वेगळे असतात. लहानपणी घेतलेल्या काही औषधांनी हृदयाचे स्नायू पुढे कमजोर होऊ शकतात. डोक्याला दिलेल्या किरणांनी उंची आणि शिकण्याचा वेग यांवर परिणाम होऊ शकतो. मूल होईल की नाही हा प्रश्न लग्नाच्या बोलणीत उभा राहतो. उपचार चालू असताना आईने हे विचारलेले नसते, कारण तेव्हा मूल जगणे एवढाच प्रश्न होता. मोठे झालेले मूल हे विचारते आणि त्याला उत्तर द्यायला रुग्णालय बांधील आहे. परळच्या कामाची खरी कसोटी आता इथे आहे. १९९१ पासून जी तपासणी चालू आहे ती बरे झालेले परत येण्यावर अवलंबून आहे, आणि बरे झालेले परत यायला कंटाळतात. ज्या इमारतीच्या वासाने लहानपणी उलटी व्हायची तिथे २५ व्या वर्षी कोण आपणहून जाईल? मेळाव्याच्या निमित्ताने ते येतात, जुन्या सोबत्यांना भेटतात, आणि त्याच दिवशी तपासणीची पुढची तारीख ठरू शकते. त्यामुळे मेळाव्याच्या अहवालात उपस्थितांच्या संख्येपुढे आणखी दोन आकडे यावेत: त्या दिवशी किती जुन्या रुग्णांनी तपासणीची तारीख घेतली, आणि उपचार चालू असलेल्या किती कुटुंबांची एखाद्या जुन्या पालकाशी गाठ घालून दिली.

ही स्मरणिका ज्यांच्या हाती पडेल त्यांत लहानपणी परळला उपचार घेतलेले काही जण नक्कीच असतील. व्यासपीठावर बोलणे प्रत्येकाला जमेलच असे नाही, आणि तशी सक्तीही नाही. तपासणीला मात्र यावे. फाईल हरवली असेल, मध्ये दहा वर्षे गेली असतील, तरी यावे. आणि ओपीडीच्या रांगेत शेजारी एखादी नवी आई बसली असेल तर तिने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर द्यावे.